टाळ्यांची जागा

सभेत टाळ्या आपोआप पडतात असं ज्याला वाटतं, त्याने एकदा वहिनींच्या मागच्या रांगेत येऊन बसावं. टाळ्या पडत नाहीत, पाडाव्या लागतात, आणि त्या पाडण्यात वहिनींचा हात धरणारं अख्ख्या शहरात कुणी नव्हतं.

वहिनी म्हणजे कुणा एकाची वहिनी नव्हे, सगळ्या पक्षाची. नवरा पक्षाची पोस्टरं चिकटवता चिकटवता कार्यकर्ता झाला, कार्यकर्ता असतानाच वारला, आणि मागे ठेवून गेला एक लेक, दोन खोल्या आणि हे नातं. मिसरूड न फुटलेली पोरं त्यांना वहिनी म्हणत आणि दात पडायला आलेले पुढारीही वहिनीच म्हणत. वस्तीतल्या बायका गोळा करायच्या, बसमध्ये बसवायच्या, हॉलमधल्या खुर्च्या भरायच्या आणि सभा संपली की जिला तिला तिच्या दारात सुखरूप सोडायचं, हे त्यांचं काम. आजवर त्यांची एकही बाई वाटेत राहिली नव्हती. याचा त्यांना अभिमान होता, आणि खोटं कशाला बोला, तो रास्तच होता.

हॉल पत्र्याच्या छपराचा. स्पीकरची तोंडं पत्रकारांच्या टेबलाकडे वळवलेली, त्यामुळे मागच्या रांगांना पक्षाच्या साहेबांचं भाषण म्हणजे डब्यात खडे हलवल्यासारखं ऐकू यायचं. आणि ऐकू आलं असतं तरी ऐकायचं कुणाला होतं? बायका आपल्या गुडघेदुखी, जावा, नणंदा आणि नळाचं पाणी यांत रमलेल्या. म्हणून वहिनींनी एक सोपी रीत बसवली होती. त्या पहिल्या रांगेत अगदी कडेच्या खुर्चीवर बसत, सगळ्यांना दिसेल अशा. रुमाल धरलेला उजवा हात तोंडाच्या वर गेला की टाळ्या. दोन्ही हात वर गेले की घोषणा. कान कुठेही असू दे, एक डोळा रुमालावर ठेवायचा, बस्स. एकदा एक नवी बाई मन लावून भाषण ऐकत बसली आणि टाळीला चुकली. वहिनी तिला म्हणाल्या, "अगं बाई, ऐकत बसलीस तर उशीर होणारच."

यात काही वावगं आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. लेकीला वाटायचं. पण लेकीला काय, सगळ्यातच वावगं दिसायचं.

मग ते घडलं.

वहिनींच्या दोन खोल्यांपासून चार घरं सोडून एका बोळकांडीत इस्त्रीवालीचं टेबल होतं. तिची पोर कपड्यांच्या कारखान्यात होती, तयार शर्टांचे लोंबणारे धागे कापायच्या खात्यात. वहिनींची लेकही त्याच कारखान्यात, काज-बटणाच्या मशीनवर. एका संध्याकाळी पाळी सुटल्यावर कारखान्याच्या गाडीने इतर मुलींना आपापल्या कोपऱ्यावर सोडलं, पण इस्त्रीवालीची पोर उतरलीच नाही. आई पोलीस ठाण्यात गेली. इन्स्पेक्टरने मान वर न करता सांगितलं, "गेली असेल कुणाबरोबर. वयच आहे. सकाळी परत येईल, नाही आली तर सकाळी या." आई तिथेच बाकावर बसून राहिली, तर तिला शिपायाकरवी बाहेर काढलं. सकाळी पोर सापडली, नदीकाठच्या विटांच्या ढिगामागे. गाडीचा ड्रायव्हर आणि त्याचा मित्र दोघे पकडले गेले. त्यांनी काय काय केलं होतं, ते वर्तमानपत्रांनी चघळून चघळून छापलं. ते इथे पुन्हा सांगायला माझी जीभ रेटत नाही. पण डॉक्टरांनी जे लिहिलं ते सांगायलाच हवं: पोर पहाटेपर्यंत जिवंत होती. म्हणजे आई बाकावर बसली होती तेव्हा ती जिवंत होती, आणि आईला बाहेर काढलं तेव्हाही.

शहर पेटून उठलं. कारखान्यातल्या मुली मशीन बंद करून रस्त्यावर उतरल्या, त्यांच्यामागे कॉलेजच्या मुली, त्यांच्यामागे नर्सा, शिक्षिका, कधी उंबरा न ओलांडलेल्या म्हाताऱ्या. मागणी एकच होती, तीही साधी: त्या इन्स्पेक्टरला आधी कामावरून काढा आणि त्याच्यावर खटला भरा. पण इन्स्पेक्टर पडला साहेबांच्या मेहुण्याचा मावसभाऊ. साहेब मूग गिळून बसले. आठवडा उलटला तरी ताकास तूर लागू देईनात. त्यांच्या बंगल्यापुढे मुली उन्हात बसून राहिल्या, तर बंगल्याचे पडदे ओढून घेतले गेले. त्या आठवड्यात साहेबांनी एक पूल उघडला, एका कुस्तीगिराला बक्षीस दिलं आणि मेल्या कुत्र्याच्या मालकाला, तो पक्षाचा देणगीदार म्हणून, दुःखाचा निरोप पाठवला. या पोरीसाठी मात्र त्यांच्या तोंडाला कुलूप.

शेवटी वरच्या पुढाऱ्यांनी कान उपटले असावेत. साहेबांचा सचिव वहिनींच्या घरी आला. त्याचं खरं नाव कुणाच्या लक्षात नव्हतं, सगळे त्याला गोडबोल्या म्हणत.

"वहिनी, परवा महिला सन्मान मेळावा घेतोय," तो खुर्चीच्या टोकावर टेकत म्हणाला. "दोन बस तुमच्या. आणि हो, त्या मुलीच्या आईला आणा. साहेब स्वतः भेटणार आहेत तिला."

"भेटून काय करणार?"

"आता ते काय मी सांगायचं? मन मोकळं करू दे की बाईला. तिचं जे काय म्हणणं असेल ते साहेबांच्या कानावर घालू दे. साहेबांचं काळीज लोण्याचं आहे, तुम्हाला मी सांगायला हवं का?"

"इन्स्पेक्टरचं काय ते ठरवतील?"

"तोंडानं मागू दे, मिळेल. न मागता आई पण वाढत नाही, वहिनी."

आतल्या खोलीत वहिनींची लेक बंगल्यापुढे बसायला जायच्या तयारीत पाण्याच्या बाटल्या भरत होती. गोडबोल्या गेल्यावर ती दारात आली.

"आई, तिला नेऊ नकोस तिथं."

"का नको? साहेब बोलावतायत. तुम्ही आठ दिवस उन्हात बसून जे झालं नाही, ते पाच मिनिटांत होईल."

"त्यांना ती ऐकायला नको आहे गं, बसवायला हवी आहे. तुझ्या खुर्च्यांतली एक खुर्ची."

"तुला सगळ्यात काळंच दिसतं."

"आणि तुला रुमालाएवढं पांढरं," असं म्हणून लेक बाटल्या घेऊन निघून गेली. वहिनींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पोरीला दाखवूनच देते, असं त्यांनी मनाशी ठरवलं. इतकी वर्षं पक्षासाठी घाम गाळला, कधी कुणाकडे काही मागितलं नाही. आता एकच मागायचं, तेही दुसरीसाठी. साहेब नाही कसे म्हणतील?

इस्त्रीवाली टेबलापाशीच होती. लोक तिला तोंड दाखवायला कचरत होते, म्हणून कपड्यांचे गठ्ठे पडून राहिले होते, आणि ती त्याच त्या कपड्यांना पुन्हा पुन्हा इस्त्री करत होती. कॉलर पसरायची, पाण्याचा शिपका मारायचा, इस्त्री फिरवायची, घडी घालायची, मग घडी उलगडायची.

"मी नाही येत," ती म्हणाली. "मला गर्दीत नाही बसवत."

"गर्दी नाही, माझ्या शेजारी बसायचंस. साहेब तुला आत बोलावतील. तू फक्त त्या इन्स्पेक्टरचं सांगायचं."

"ऐकतील?"

"ऐकतील."

"तुम्ही सांगताय म्हणून विचारते, वहिनी. माझं आता कुणी राहिलेलं नाही, मला कशाची हाव नाही. पण त्या माणसानं त्या खुर्चीत बसू नये. उद्या दुसरी कुणी आई जाईल तिथं, तिलाही तो सकाळी या म्हणेल. एवढं एक साहेबांनी करावं."

"करतील. माझा शब्द आहे."

इस्त्रीवालीने इस्त्री उभी करून ठेवली आणि कितीतरी दिवसांनी कुणाच्या तरी तोंडाकडे नीट पाहिलं. वहिनींचा शब्द म्हणजे काय, हे वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं. ती हो म्हणाली.

मेळाव्याच्या दिवशी हॉलच्या दारात फुगे लावले होते. फुगे! कुणाच्या डोक्यातून निघाले कोण जाणे. वहिनींनी ते पाहिले, पण बायकांना बसवण्याच्या घाईत त्यांनी तिकडे काणाडोळा केला. इस्त्रीवालीला त्यांनी पहिल्या रांगेत आपल्या शेजारी बसवलं. फोटोवाले आले, वाकून वाकून तिचे फोटो काढून गेले. एकजण म्हणाला, "बाई, जरा वर बघा ना." तिने वर पाहिलं.

साहेब आले, यायच्या वेळेच्या बऱ्याच नंतर. व्यासपीठावर त्यांच्या दोन्ही बाजूंना पुरुषच पुरुष, महिला सन्मानासाठी जमलेले, पोटावर हात बांधून बसलेले. एका टोकाला शोभेपुरती एक बाई होती, तिच्याकडे निवेदनाचं काम होतं.

साहेबांनी भाषण सुरू केलं. आधी त्यांनी पुलाचं सांगितलं. मग बायकांना वाटलेल्या शिलाई मशीनचं. मग माझ्याही घरी आई आहे, बहीण आहे, असं सांगितलं, जणू इतर लोक झाडावरून पडलेले असतात. मग म्हणाले, मुलींनीही थोडं जपून राहावं, काळ वाईट आहे. मग म्हणाले, काही मंडळी या दुःखाचं राजकारण करतायत, पोरींना उन्हात बसवतायत, त्यांना जनता ओळखून आहे. वहिनी ठरलेल्या जागी रुमाल उचलत होत्या, टाळ्या पडत होत्या. पण आज त्यांचं लक्ष शेजारी होतं. त्या अख्ख्या हॉलमध्ये इस्त्रीवाली एकटीच ऐकत होती. प्रत्येक वाक्याला ती किंचित मान हलवत होती, शाळेत बसल्यासारखी. इन्स्पेक्टरचा विषय आता येईल, मग येईल, म्हणून एकही शब्द तिला चुकवायचा नव्हता.

साहेबांनी चष्मा काढला. आवाज खाली आणला.

"ती तुमची मुलगी नव्हती," ते म्हणाले. "ती माझी मुलगी होती. माझी लेक होती. आणि ती गेली."

इथे ते थांबले. इस्त्रीवालीने मान हलवली आणि अगदी हळू, साहेबांना दुजोरा दिल्यासारखी, म्हणाली, "हो. गेली."

ते ऐकलं आणि वहिनींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्यांनी रुमाल डोळ्यांना लावला.

आणि हॉल टाळ्यांनी दणाणला.

इतक्या वर्षांत सभेत बसून वहिनी कधी रडल्या नव्हत्या, म्हणून ही अडचण कधी आलीच नव्हती. दोन बस भरून आणलेल्या बायकांनी रुमाल वर गेलेला पाहिला आणि नेकीने टाळ्या वाजवल्या, हात लाल होईपर्यंत, एकमेकींशी बोलता बोलता, हसता हसता. वहिनींच्या काळजाचं पाणी झालं. त्या उठल्या, मागे वळल्या आणि थांबा थांबा म्हणून त्यांनी दोन्ही हात वर केले. दोन्ही हात! मागून लगेच घोषणा सुरू झाल्या: "साहेब, तुम्ही पुढे व्हा, आम्ही तुमच्या पाठीशी!" वहिनी ओरडत होत्या, पण त्या गदारोळात त्यांचा आवाज त्यांनाही ऐकू येईना. शेवटी हात पाठीमागे घट्ट धरून त्या खाली बसल्या, तेव्हा कुठे ते थांबलं.

इस्त्रीवाली वळून मागे बघत होती. तिच्या तोंडावर राग नव्हता. आपल्याला काहीतरी कळलेलं नाही, असा तिचा चेहरा होता.

बरं, चूक झाली. बायकांची चूक नव्हे, वहिनींची चूक, चला, तेही मान्य. पण व्यासपीठावर जो माणूस उभा होता, त्याला तर सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. आपण काय बोललो आणि त्यावर काय झालं, हे त्याला ठाऊक होतं. माणसाने अशा वेळी हात वर करून सांगावं, बायांनो, टाळ्या नका वाजवू, एक पोर मेली आहे. एवढंच सांगायचं होतं. साहेबांनी काय केलं? त्यांनी पाण्याचा घोट घेतला, हात जोडले, टाळ्या पुरत्या ओसरू दिल्या. त्यांच्या गालावर खळी पडली होती, ती सवयीची असेल, पण पडली होती. आणि मग, टाळी मिळालेलं वाक्य वक्ते पुन्हा घेतात तसं, त्यांनी ते वाक्य पुन्हा घेतलं, या वेळी मोठ्या आवाजात: "माझी लेक होती! आणि ती गेली!" या वेळी व्यासपीठावरच्या पुरुषांनीही टाळ्या वाजवल्या.

वहिनी उठायला निघाल्या. पण बसून राहिल्या, कारण भेट अजून व्हायची होती. इन्स्पेक्टरचा विषय भाषणात आला नाही तो नाहीच.

सभेनंतर गोडबोल्याने दोघींना मागच्या खोलीत नेलं. बायका हॉलमध्येच थांबल्या, वहिनी आल्याशिवाय बस सुटत नसे. खोलीत दोन सोफे, एक टेबल, टेबलावर पाण्याच्या बाटल्या आणि कॅमेरा घेतलेला एक माणूस. साहेब घाम पुसत आले. त्यांनी इस्त्रीवालीच्या डोक्यावर हात ठेवला, कॅमेऱ्याकडे पाहिलं, आणि हात तिथेच राहू दिला, फोटो निघेपर्यंत.

"आई, काळजी करू नका. कायदा आपलं काम करेल."

"साहेब," इस्त्रीवाली म्हणाली. तिने हे वाक्य दोन दिवस घोकलं असणार. "मी ठाण्यात गेले तेव्हा माझी पोर जिवंत होती. त्या इन्स्पेक्टरनं मला बाहेर काढलं. त्यांना त्या खुर्चीवरून उठवा. मला दुसरं काही नको."

साहेबांनी गोडबोल्याकडे पाहिलं. "बघा जरा," ते म्हणाले. गोडबोल्याने "हो साहेब" म्हणून मोबाइलवर बोटं फिरवली. साहेब दाराकडे निघाले, निघता निघता वहिनींपाशी थांबले आणि आवाज खाली आणून, खूश होऊन म्हणाले, "वहिनी, आज टाळ्या काय पडल्या! आणि बरोब्बर जागी. कुठं पाडायच्या ते शिकावं तुमच्याकडून."

ज्या माणसाच्या सभेसाठी बायका गोळा करताना वहिनींनी ऊन बघितलं नाही की पाऊस, त्या माणसाच्या अंगाचा अत्तराचा वास त्यांच्या नाकात शिरला आणि त्या दोन पावलं मागे सरकल्या. साहेब गेले. कॅमेरावाला गेला. गोडबोल्या टेबलावरची न उघडलेली बाटली घेऊन गेला.

इस्त्रीवाली सोफ्याच्या कडेवर बसली होती.

"वहिनी," तिने विचारलं, "हो म्हणाले का?"

वहिनींना हो म्हणून टाकता आलं असतं. समजूत घालणं हा तर त्यांचा हातखंडा. चार दिवस थांब, कागद फिरायला वेळ लागतो, साहेबांनी मनावर घेतलंय: असली वाक्यं त्यांच्या तोंडात तयार असत.

"नाही," त्या म्हणाल्या.

"नाही म्हणाले?"

"नाहीही नाही म्हणाले गं. काहीच नाही म्हणाले."

इस्त्रीवालीने थोडा विचार केला. "मग बायकांनी टाळ्या का वाजवल्या?"

वहिनी तिचा हात धरून हॉलमध्ये आल्या. ध्वनिक्षेपकवाला वायरी गुंडाळत होता.

"दादा, जरा थांब. स्पीकरची तोंडं बायकांकडे कर."

"आता? कार्यक्रम संपला की, वहिनी."

"माझा संपायचाय. कर."

त्याने कुरकुरत स्पीकर फिरवले. वहिनींनी आयुष्यात पहिल्यांदा माइक हातात घेतला. बायका पिशव्या सावरत उठत होत्या, त्यांना वाटलं बसच्या सूचना असतील.

"मघाशी तुम्ही मोठ्या टाळ्या वाजवल्यात," वहिनी म्हणाल्या. "कशाला वाजवल्यात, माहीत आहे?"

"तुम्ही रुमाल वर केलात म्हणून!" मागून कुणीतरी म्हणालं, आणि हशा झाला.

"मी रडत होते."

हशा थांबला.

"साहेब म्हणत होते, ती पोर गेली. आपल्या इस्त्रीवालीची पोर. त्यावर आपण टाळ्या वाजवल्या. ही माझ्या शेजारी बसली होती. चूक माझी आहे, तुमची नाही, मी तुम्हाला ऐकायची सवयच लागू दिली नाही. पण साहेबांना ऐकू येत होतं. त्यांनी आपल्याला थांबवलं नाही. त्यांनी ते वाक्य अजून एकदा म्हटलं, अजून टाळ्या पडाव्यात म्हणून. आणि आत मला म्हणाले, टाळ्या बरोबर जागी पडल्या." त्यांनी इस्त्रीवालीकडे बोट केलं. "हिला मी शब्द दिला होता. इन्स्पेक्टरला काढतील म्हणून. त्यावर साहेब एवढंच म्हणाले, बघा जरा."

एका बाईने आपले तळहात कपड्यांना पुसले. मागच्या रांगेतली दुधवाली, धिप्पाड, पांढऱ्या केसांची, कधी कुणापुढे डोळ्यांत टिपूस न आणणारी, हमसून हमसून रडायला लागली. "मी सगळ्यात जोरात वाजवल्या गं," ती म्हणाली. "मी सगळ्यात जोरात." मग नाक ओढून तिने विचारलं, "कुठाय तो?"

वहिनींनी खूण केली नव्हती. बायका आपणहून निघाल्या.

साहेब मागच्या फाटकापाशी होते. मन सुन्न झालंय, शब्द सुचत नाहीत, असं पत्रकारांना भरपूर शब्दांत सांगून ते नुकतेच गाडीत बसले होते. बायका गाडीच्या पुढे, मागे, दोन्ही बाजूंना येऊन उभ्या राहिल्या. घोषणा नाहीत, आरडाओरडा नाही, दगड तर नाहीच. नुसत्या उभ्या.

गोडबोल्या गर्दीतून वाट काढत वहिनींपाशी आला. "वहिनी, बायकांना बाजूला घ्या ना. साहेबांना पुढे जायचंय." नेहमीप्रमाणे आवाजात मध होता, पण कपाळावर घाम फुटला होता. वहिनींनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

गाडीची काच खाली आली. साहेब हसत होते, हात जोडलेले. बायका निरोप द्यायला आल्यात, असंच त्यांना वाटलं असणार. दुसरं काही वाटायची त्यांच्यावर आजवर वेळच आली नव्हती. टाळी पडली नाही. हसू थोडा वेळ तसंच राहिलं, मग त्यांनी ते काढून घेतलं आणि दुसरा चेहरा लावला, मघाशी व्यासपीठावर लावलेला. खिडकीशी एक बाई ओक्साबोक्शी रडत होती. साहेबांनी हात बाहेर काढून तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"आई," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखर दाटून आला, "मघाशी तुम्हाला मी शब्द दिलाय. तुमचं दुःख ते माझं दुःख. तुमचा हा चेहरा मी जन्मात विसरणार नाही."

"मी नव्हे ती," दुधवाली म्हणाली आणि तिने हात सोडवून घेतला.

साहेबांनी तिच्या शेजारच्या बाईकडे पाहिलं, मग तिच्या शेजारच्या बाईकडे. इस्त्रीवाली हाताच्या अंतरावर उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, म्हणून त्यांची नजर तिच्यावरून पुढे सरकली. त्यांनी गोडबोल्याकडे पाहिलं. गोडबोल्या सभांमध्ये डोकी मोजत आला होता, चेहरे त्यालाही ओळखू येईनात. त्याने वहिनींकडे पाहिलं. वहिनी बोलल्या नाहीत. इतर कुणी बोललं नाही. गाडी चालू होती, काच खाली होती, आणि एवढ्या बायकांतली आई कोण, ते साहेबांना कुणीच सांगितलं नाही.